चित्राखालचं नाव

“तू वही लिही गं. अक्षर छान आहे तुझं.”

तीस वर्षं झाली, तरी सरांचा हा आवाज माझ्या नळीत घुमतो. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेतला. पितळेची नळी, दोन भिंगं आणि खिडकीतला उजेड ओंजळीत धरणारा आरसा, एवढाच माझा संसार.

विज्ञानाच्या सरांचा रिवाज होता. एका टेबलावर एक मुलगा, एक मुलगी. त्याने पाहायचं, तिने लिहायचं. कुणालाच वावगं वाटत नसे. मलाही नाही.

माझ्या टेबलावर झिपरी होती आणि तिचा चुलतभाऊ. काचपट्टीवर कांद्याचा पापुद्रा होता. भावाने डोळा लावला.

“लिही. गोल आहे. जाड काळी कड. आत काही नाही.”

“अरे, पेशीत काहीच कसं नसेल? नीट बघ ना.”

“तू लिही मुकाट्याने. यंत्रातलं तुला काय कळतंय?”

अरे बाबा, तो हवेचा बुडबुडा होता!

घंटा झाली, सगळे पांगले. झिपरी मागे राहिली. श्वास रोखून तिने काचपट्टी केसभर सरकवली, आणि विटांसारख्या रचलेल्या पेशी तिच्या डोळ्यात उतरल्या. एकेक करून तिने त्या वहीत रेखल्या. इतक्या मायेने माझ्यात कुणी डोकावलं नव्हतं.

ते चित्र चौकटीत बसून भिंतीवर लागलं. खाली नाव भावाचं. झिपरीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘अक्षर उत्तम’. भाऊ विज्ञान शिकायला गेला. झिपरीला घरच्यांनी शिवणाच्या वर्गाला घातलं.

पुढे नवी यंत्रं आली. मी कपाटात गेलो, भिंगावर बुरशी धरली.

काल झिपरी आली. कानाशी केस पांढरे, सोबत याच शाळेत शिकणारी लेक. सरांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. तिने लेकीची वही पुढे ठेवली.

“सर, अक्षर माझ्यावर गेलंय हिचं. पण वर्षभरात हिने यंत्राला एकदाही डोळा लावलेला नाही. हिलाही नुसतं लिहायलाच बसवणार का?”

मित्रांनो, माझ्यापाशी येणारा डोळा मुलाचा की मुलीचा, हे मला कधीच कळलं नाही. माझी भिंगं पुसत जा, आणि येईल त्याला, येईल तिला बघू द्या.

सरांनी मला कपाटातून काढलं, रुमालाने पुसलं, लेकीसमोर ठेवलं. “ये बाळ, आधी तू बघ.”

मग भिंतीवरच्या चौकटीकडे बघत ते झिपरीला म्हणाले, “त्या दिवशी मी दारातच उभा होतो गं. चित्र तुझं होतं. ठाऊक असूनही खाली मी तुझ्या भावाचं नाव लिहिलं.”