मान मी धरली, मान त्याला

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे, मानेचा. बाहेरून कडक प्लास्टिक, आतून मऊ फोम. इस्पितळात अपघात विभागाच्या दाराशी खुंटीवर माझा मुक्काम. कुणी पडलं, आदळलं की सगळ्यांत आधी मी त्याच्या गळ्यात पडतो.

कारखान्यात मला साच्यातून काढलं, तेव्हा साधं एक बक्कलही लावलं नाही. नुसती चिकटपट्टी. शेजारचे चामडी पट्टे चकाकत होते. तेव्हापासूनच मी जरा जळका.

तरी पूर्वी माझा रुबाब होता. "आधी पट्टा, मग बाकी सगळं," असं शिकाऊ डॉक्टरांना बजावत. मग पलीकडच्या खोलीत ते पांढरं एमआरआयचं मशीन आलं. त्याच्यासाठी भिंत फोडली, खोली गार केली, दाराशी माणूस बसवला. लोक ऐटीत सांगतात, "आमचा एमआरआय झाला." "आम्हाला पट्टा लागला" असं मिरवताना मी कुणाला ऐकलं नाही. माझ्या पोटात दुखतं. पोट नाही मला, तरी दुखतं. धरणाऱ्याला घाम, बघणाऱ्याला नाम.

एकदा शिडीवरून पडलेला रंगारी आला. सोबत थोरली बहीण. मी त्याची मान धरली. एक्स-रेत हाडं शाबूत निघाली, तसा तो कुरकुरू लागला.

"ताई, काढ गं हे लोढणं. हनुवटीला काचतंय."

"हाडं धड म्हणजे मान धड," म्हणत ताईने माझी पट्टी चर्रकन ओढली.

"हात काढा आधी," सिस्टर धावत आल्या. "त्यांच्या बोटांना मुंग्या येतायत ना? मणक्यांना बांधणारे बंध एक्स-रेत दिसत नाहीत. मधून जाणारा मज्जारज्जूही नाही. एमआरआय होईस्तोवर पट्टा सुटायचा नाही."

"मला ब्रश धरता येईल ना पुन्हा?" रंगाऱ्याने हळूच विचारलं.

सिस्टरनी माझी पट्टी तेवढी घट्ट दाबली.

मशीन म्हणजे केवढं तरी लोहचुंबक. किल्ल्या, घड्याळ, बक्कलवाला पट्टा, सगळं दाराबाहेर राहिलं. बिनबकलाचा मी तेवढा आत गेलो, सवतीच्या माजघरात जावं तसा. ते ठकठक, घणघण बोलत राहिलं. मी मुकाट मान धरून होतो.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मागचा बंध फाटलाय. मज्जारज्जूला सूज आहे, पण तुटलेला नाही. मघाशी पट्टा निघून मान वळली असती, तर हात कायमचे जाऊ शकले असते."

ताईने डोळे पुसले. "त्या मशीनचे उपकार हो."

मशीनचे! मी जळून कोळसा.

ऑपरेशननंतर कित्येक आठवडे मी रंगाऱ्याच्या गळ्यात होतो. सुटलो त्या दिवशी त्याने मला स्वतः धुतलं, घट्ट पिळल्यासारखं दाबून. पूर्वी मुंग्या यायच्या, तीच बोटं.

"ताई, मशीनने मान पाहिली. राखली ती ह्याने."

"मग त्याचा मान राख, शिडी नीट टेकव," ताई म्हणाली.

मित्रांनो, मशीनवर मी आजही जळतो. ती खोड जायची नाही. पण कुणी पडलं तर त्याला ओढून उठवू नका, पाणी पाजायला डोकं उचलू नका. मदत येईपर्यंत मान हलू देऊ नका. पाहणाऱ्याला मान द्या बापडे. धरणाऱ्यासाठीही चिमूटभर ठेवा.