हाइलचा बर्फ आणि खिडकीतला थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. माझ्याकडे बघताना माणसं डोळे बारीक करतात, मान तिरकी करतात आणि बघून झालं की खात्रीसाठी पुन्हा एकदा बघतात. एवढा संशय पोलीससुद्धा कुणावर घेत नसतील. सागवानी फळी, मधोमध काचेची नळी, नळीत लाल स्पिरिट आणि तळाशी चण्याएवढा काचेचा फुगा, एवढाच माझा देह. आकडे निम्मे पुसले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हकिकत सांगताना मी इकडचं थोडं तिकडे करतो. वय झालं, चालायचंच. पण अंश सांगताना मी आजवर कधी खोटं बोललेलो नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

माझी उमेदीची वर्षं कोकणात हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेली. तिथे काय थंडी असायची म्हणून सांगू! एकदा मालक लादीखान्यात जरा जास्त वेळ उभे राहिले, तर त्यांची सावली जमिनीला चिकटून बसली. मालक जेवायला घरी गेले, सावली संध्याकाळी कोमट पाणी ओतून सोडवावी लागली. दुसऱ्या दिवशी ती शिंकत होती. तुम्हाला शंका येणार, मला ठाऊक आहे. पण त्या कारखान्यात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता. मी म्हटलं की लादी तयार, म्हणजे तयार. मुकादम रोज सकाळी मला लुंगीच्या टोकाने पुसायचे. असे लाड पुन्हा झाले नाहीत.

पुढे कारखान्यात बटणांची यंत्रं आली आणि मला खिळ्यावरून उतरवलं. मुकादमांनी मला घरी नेलं. त्यांचा मुलगा मुस्तफा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायला शिकला आणि सौदीला निघाला, तेव्हा त्याने मला लुंगीत गुंडाळून कोकमाच्या पिशवीशेजारी ठेवलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला उलटंसुलटं केलं, हुंगलं, उजेडात धरलं आणि शेवटी ताप मोजायचा असेल असं समजून स्वतःच्या काखेत घालून पाहिलं. फळीसकट! त्याला ताप नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

अशा रीतीने मी हाइलला आलो. उत्तरेकडचं हे गाव उंचावर आहे, बाजूला अजा नावाचे तांबूस डोंगर आहेत. उन्हाळ्यात माझी लाल रेघ नळीचं टोक फोडून आकाशात जाईल की काय असं वाटतं, पण हिवाळ्यात इथे हाडं वाजतात. एसीवाल्या मुस्तफाला हिवाळ्यात काम नसतं. त्या रिकामपणातून त्याला नाद लागला हवामानाचा. त्याने मला उत्तरेकडच्या खिडकीबाहेर सावलीत टांगलं. रोज पहाटे नमाज झाली की तो खोलीतूनच काचेवरची वाफ पुसायचा, मला वाचायचा आणि फोनवर गटाला कळवायचा. गटाचं नाव होतं ‘बर्फ पडेल का’. त्यात सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर दमयंती होत्या, त्यांचे यजमान गोपीनाथ होते आणि हाइलमधली आणखी काही मराठी मंडळी.

गोपीनाथ त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायचे. दुसऱ्यांच्या रक्तावर संशय घेणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे घरी आल्यावरही सवय सुटत नसे. गटावर कुणी पांढऱ्या डोंगराचा फोटो टाकला की ते गाडीची नंबरप्लेट मोठी करून बघायचे, सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते बघायचे आणि लिहायचे, “पारसालचा आहे.” आदल्या हिवाळ्यात मुस्तफाने अशाच एका फोटोवर भरवसा ठेवून सगळ्यांना भल्या सकाळी डोंगरात नेलं होतं. तिथे ऊन होतं, आणि त्यांच्याकडे नवलाने बघणारे उंट होते. तेव्हापासून गोपीनाथांचा नियम ठरला. जीप त्यांची होती, म्हणून नियमही त्यांचाच. गावात पहाटे दोन अंशांच्या खाली पारा गेल्याशिवाय जीप हलणार नाही.

आता या जानेवारीत काय झालं ते ऐका. मुस्तफाची बायको ताजुन्निसा पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर हाइलला आली. लग्नानंतर सारी वर्षं ती हर्णैला आणि हा इथे. रोज फोनवर मुस्तफा तिला सांगायचा, आमच्याकडे वाळवंटात बर्फ पडतो, शेजारी आतून मेंढीचं कातडं लावलेले लांब कोट, म्हणजे फरवे, घालून शेकोटीला बसतात, मी पण त्यांच्यात बसतो. ती हूं हूं करायची. इथे आल्यापासून मात्र ती एकेक गोष्ट तपासून बघत होती. कपाट उघडून बघितलं. शेजाऱ्यांना बघितलं. मलासुद्धा खिडकीतून बघितलं, आणि मित्रांनो, गोपीनाथांची नजर तिच्या नजरेपुढे काहीच नाही.

एका संध्याकाळी ती चहा गाळता गाळता म्हणाली, “अहो, बर्फ कुठाय तुमचा?”

“येईल. थंडीची लाट आली आहे उत्तरेकडून.”

“लाट आमच्या हर्णैला पण येते. येते नि जाते.”

“ताजू, खरंच पडतो बर्फ.”

“मग मी आले तेव्हाच कुठे दडून बसलाय? परदा पाळतो काय बायकांपासून?” तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “एवढी वर्षं फोनवर जे ऐकलं, ते मी डोळे मिटून ऐकलं. तुमची हफीजा म्हणते, भाऊ माझा, पण बाता मारण्यात पहिला नंबर. ही बर्फाची बात खोटी असेल, तर बाकीच्या किती धरायच्या?”

मुस्तफाने चहा प्यायला, पण त्यात साखर नव्हती हे त्याच्या लक्षात आलं नाही. शनिवारी तिचं परतीचं विमान होतं. म्हणजे सुट्टीच्या शुक्रवारची सकाळ एवढीच त्याच्या हातात होती. बर्फ दाखवला नाही, तर ती सगळ्या वर्षांवर संशय घेऊन घरी जाणार होती.

गुरुवारी गटावर नुसती खडाजंगी झाली. एक ॲप म्हणायचं पडेल, दुसरं म्हणायचं पाऊस. गोपीनाथ म्हणायचे दोन्ही ॲप एकाच थापाड्याने बनवली असावीत. मी खिडकीत लटकून ढगांकडे बघत होतो. ढग पोट भरलेल्या म्हशीसारखे डोंगरावर टेकले होते, पण मला त्यांचाही भरवसा वाटेना.

शुक्रवारी पहाटे मात्र मला भलताच संशय आला. आधी वास आला. ओळखीचा, बंदरावरचा वास! वाळवंटात सुरमई? मग माझ्या तळच्या फुग्याला असा काही गारठा लागला की लाल रेघ जिन्यावरून पाय घसरल्यासारखी सुटली. पाच, चार, दोन, शून्य, त्याच्याही खाली. खोलीत मुस्तफाने काच पुसली, मला वाचलं, डोळे चोळले, पुन्हा वाचलं. मग त्याने गटावर लिहिलं, “उणे दोन! यल्ला, निघा!”

थोड्याच वेळात जीप दारात आली. दमयंतीताईंनी मागच्या सीटवर थालीपिठांचा डबा आणि चहाचा थर्मास ठेवला होता. गोपीनाथ मात्र उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“मुस्तफाभाई, माझी गाडी पाच दाखवते आहे.”

“इंजिनाची उष्णता असेल हो,” दमयंतीताई म्हणाल्या. “सकाळी सकाळी सुरू नका होऊ.”

“असेल,” गोपीनाथ म्हणाले. “असूही शकेल. आणा तो तुमचा म्हातारा, बरोबर घेऊ. डोंगरात बघतो काय म्हणतो.”

ताजुन्निसा नवऱ्याची जाड शाल पांघरून तयार होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडी घाई दिसली. मुस्तफा मला काढायला घरामागे आला. आणि थांबला.

खिडकीखालच्या कट्ट्यावर, खोलीतून दिसणार नाही अशी, माशांची पेटी होती. जुबैल बंदराहून बसने आलेली सुरमई. नवऱ्याला जाण्याआधी एकदा पोटभर कालवण खाऊ घालावं म्हणून ताजुन्निसाने मागवली होती. घरातला फ्रिज बंद होता, कारण फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा फ्रिज कधीच चालू नसतो. म्हणून तिने पेटी बाहेर थंडीत ठेवली, झाकण उघडं टाकलं, आणि हर्णैला बंदरावर करतात तसं बर्फावर मूठ मूठ खडे मीठ पेरलं, म्हणजे मासळी जास्त गार राहते. तिच्या माहेरी सासरी सगळ्या बायका हेच करतात. मीठ पडलं की बर्फ आणखी थंड होतो, हे मला कारखान्यापासून ठाऊक. आणि माझा तळचा फुगा नेमका त्या बर्फात रुतून बसला होता! मी खोटं बोललो नव्हतो. मी जिथे उभा होतो तिथली थंडी मी सांगितली होती.

आजूबाजूला कुणी नव्हतं. गोपीनाथांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. पेटी हातभर बाजूला सरकवली असती, मला पुसून गाडीत ठेवलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दमयंतीताईंनी कारणही आयतं देऊन ठेवलं होतं. मुस्तफाचा हात पेटीवर गेला. खरं सांगतो मित्रांनो, त्या क्षणी मला त्याचाही संशय आला.

त्याने मला उचललं, मिठाचं पाणी बाहीने पुसलं आणि तसाच जीपपाशी आला.

“खलास,” तो म्हणाला. “इंजिन बंद करा, गोपीनाथभाई. उणे दोन माशांच्या पेटीत आहे. बाहेर पाचच असणार.”

गोपीनाथांनी चावी फिरवली. त्यांनी मला हातात घेतलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, “सुरमई.”

दमयंतीताईंना हसू आलं, पण मुस्तफाकडे बघून त्यांनी ते गिळलं. ताजुन्निसा म्हणाली, “पेटी मी ठेवली. यांना माहीत नव्हतं.”

“आता तर होतं ना,” गोपीनाथ म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा झाला. “गप्प बसले असते तर मी निघालोच होतो.”

ताजुन्निसाने नवऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्याकडे बघतात तसं नाही. मग ती जीपचं दार उघडून आत बसली, शाल सावरली आणि म्हणाली, “भावजी, चालू करा गाडी.”

“अहो भाभी, पाच अंशांवर कसला बर्फ?”

“पडला तर पडला. हे म्हणतात ना पडतो, मग पडत असेल. मला ते डोंगर बघायचे आहेत. आणि तो थर्मामीटर इकडे द्या माझ्याकडे.”

“माझा नियम—”

“अहो, नियम ठेवा खिशात,” दमयंतीताई म्हणाल्या. “थालीपिठं थंड होतायत.”

तर अशी माझी स्वारी ताजुन्निसाच्या मांडीवर बसून निघाली. चढ सुरू झाला तशी ती मला खिडकीबाहेर धरून दर वळणावर वाचू लागली. चार. तीन. “अहो, उतरतोय हा!” दोन. गोपीनाथ आरशातून बघत म्हणाले, “वारा लागतोय म्हणून असेल.” पण त्यांचा पाय हळूच गाडीचा वेग वाढवत होता, हे मी पाहिलं.

वर सपाटीवर फरवे घातलेली सौदी मंडळी आधीच जमली होती. शेकोट्या पेटल्या होत्या, किटल्या चढल्या होत्या आणि सगळे वर बघत होते, सावकाराने ऋणकोकडे बघावं तसे. एका म्हाताऱ्याने मुस्तफाला हाक मारून शेकोटीपाशी जागा करून दिली आणि आपला फरवा ताजुन्निसाच्या अंगावर टाकला. तिने त्या फरव्याचं अस्तर चाचपून बघितलं. मेंढीचंच होतं.

आणि मग काहीतरी पडलं. आधी पाणी. मग बारीक टणक कण.

“गार,” गोपीनाथ म्हणाले. “ही गार आहे. बर्फ नव्हे.”

मग ते कण हलके झाले, वाकडेतिकडे उतरू लागले. गोपीनाथांनी काळ्या कोटाची बाही पुढे धरली, चष्मा वर केला, फोनचं भिंग लावलं आणि बघत राहिले. मित्रांनो, गोपीनाथ गप्प बसणं यापेक्षा मोठा पुरावा या वाळवंटात मिळत नाही.

किती पडला म्हणाल तर उंटांच्या गुडघ्यापर्यंत! बरं, राहू द्या. जीपच्या टपावर साय धरावी एवढा पडला. ताजुन्निसाने तो बोटाने ओढून बघितला आणि मुस्तफाकडे न बघताच त्याची बाही घट्ट धरून ठेवली. मग तिने हर्णैला नणंदेला व्हिडिओ लावला.

“हफीजा, बघ गो! बर्फ! तुझ्या भावाचा बर्फ!”

पलीकडून हफीजाचा आवाज आला, “चल गो, कुणाला फसवतेस? कापूस उडवतायत कुणीतरी. भाऊ बाता मारायचा, आता तू पण लागलीस?”

ताजुन्निसा अशी खवळली की शेकोटीतल्या ठिणग्या बाजूला झाल्या. “बाता? माझा नवरा बाता मारत नाही, हफीजा! कानात नीट भरून घे. तो म्हणाला पडतो, तर पडतो. कुणाला खरं वाटत नसेल, तर त्यांनी व्हिसा काढून यावं!” आणि फोन बंद करून तिने जोरात नाक ओढलं. मुस्तफा शेकोटीत काटक्या घालत बसला. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि कुणीही तपासून बघितलं नाही.

ती गेली, हिवाळाही सरला. मी पुन्हा खिडकीत आहे, धुळीने माखलेला. बालमित्रांनो, तुमच्या घरीही भिंतीवर असा एखादा जुना सोबती लटकत असेल. त्याला उन्हात टांगू नका, महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, आणि त्याच्याकडे डोळे बारीक करून खुशाल बघा. संशय घ्यायला हरकत नाही. पण संशय घ्यायचा तर घरात बसून घेऊ नका. जीप काढा, थालीपिठं बांधून घ्या आणि त्याला मांडीवर घेऊन डोंगरापर्यंत जाऊन बघा.