टोपण काढल्यावर

कुंडीतल्या झाडावर पिकत आलेल्या शेंगा पाच. टेबलावर कॅमेरा एक, दिवे दोन, आणि भावोजींनी आपल्या दुकानातून चाचणीपुरते आणून दिलेले एसएसडी ड्राइव्ह तीन. शेंगा सोडल्या तर बाकी सगळं पुन्हा मिळण्यासारखं होतं.

ताईचा प्रबंध या शेंगेपाशी अडला होता. शेंग वाळत आली की फट्‌कन फुटते आणि बिया लांब उडतात. पहिली चीर देठाकडून पडते, असं ताईचं म्हणणं. टोकाकडून पडते, असं परीक्षकांचं. चित्रण दाखवा, नाहीतर ते प्रकरण काढून टाका, असं त्यांनी कळवलं होतं. ते काढल्यावर प्रबंधात काय उरतं, हे ताई बोलत नव्हती. नुसती खोलीभर फिरत होती. झाडाला पुन्हा शेंगा धरायला वर्ष लागतं.

शेंग नेमकी कधी फुटेल हे सांगता येत नाही. शिवाय फुटण्याआधीची वीसेक मिनिटं तिची साल कशी ताणली जाते, तेही ताईला हवं होतं. म्हणून कॅमेरा सेकंदाला दोन हजार चित्रं सतत काढत राहणार आणि ड्राइव्हने ती सेकंदाला एक गिगाबाइट या वेगाने लिहीत राहायची; जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं. आधीचा ड्राइव्ह याच राबणुकीने गेला होता. नवा निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात भौतिकशास्त्र शिकलेली मी एकटी.

"मेहुणीबाई, डोळे मिटून हा घ्या," भावोजींनी तिन्हींतला चकचकीत ड्राइव्ह पुढे सरकवला. "सेकंदाला सात गिगाबाइट. तुम्हाला हवंय एक."

"आणि हा खरचटलेला?"

"तो म्हातारा आहे. मोठ्या सर्व्हरमधून निवृत्त झालेला. तीन ड्राइव्ह आणतो म्हणालो होतो, म्हणून संख्या भरायला आणला."

"दुकानात तुम्हीही तसेच बसता," ताई म्हणाली.

"बसतो म्हणून तर तुझी झाडं जगतात."

ताईच्या प्रयोगशाळेचा एक दंडक होता. दिव्याच्या उबेने शेंग वेळेआधी वाळते, म्हणून सगळी रंगीत तालीम अंधारात, कॅमेऱ्यावर टोपण ठेवूनच करायची. टोपण निघणार ते शेंग पिवळट झाली की, आणि तेही फक्त खऱ्या चित्रणासाठी. मी चकचकीत ड्राइव्ह लावला आणि टोपण ठेवून दोन तास सलग चालवला. एकही चित्र सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शेंग पिवळट झाली. टोपण काढलं, दिवे लावले. पंचवीस मिनिटांनी शेंग फुटली आणि एक बी माझ्या चष्म्यावर येऊन आपटली. आम्ही पडद्यावर चित्रं एकेक करून पुढे नेली. एका चित्रात अख्खी शेंग. पुढच्या चित्रात नुसता देठ आणि रिकामी हवा. मधली ऐंशी चित्रं नव्हतीच.

"कॅमेरा असेल," मी म्हणाले.

"कॅमेरा तोच आहे. बदललंय काय ते बघ," ताई म्हणाली आणि पुन्हा फिरू लागली.

मला बसवेना. खुर्ची मागेपुढे करत मी जे सुचेल ते मोजायला घेतलं. ड्राइव्ह आयुष्यात किती लिहू शकतो याला मर्यादा असते, आणि आजवर किती लिहिलं याची नोंद तो स्वतःच ठेवतो. पाच शेंगांत त्याची किती झीज होईल, एवढंच काढायचं होतं. आदल्या दिवशीची दोन तासांची तालीम म्हणजे सात टेराबाइट, असं धरून मी तालमीनंतर टिपलेला तो आकडा उघडला. तालमीत ड्राइव्हने लिहिलं होतं जेमतेम पाऊण टेराबाइट.

मी दोनदा भागाकार केला. मग टोपणाकडे पाहिलं.

"ताई, आपण काळोखाचे फोटो काढत होतो."

"मग? शेंगेला जपायला नको?"

"संगणकाची प्रणाली प्रत्येक चित्र लिहिण्याआधी आवळून लहान करते. काळोख आवळला तर चिमूटभर उरतो. शेंगेच्या सालीवर रेषा आहेत, लव आहे, ठिपके आहेत. ती फारशी आवळली जात नाही. या ड्राइव्हची परीक्षा झालीच नाही. त्याला आपण कोरा पेपर दिला आणि पैकीच्या पैकी गुण दिले."

ताई थांबली. दंडक तिनेच घातलेला होता. "आता?"

"आता उजेडात तालीम. झाड शेजारच्या खोलीत ने."

शेंगेच्या जागी मी सँडपेपरचा तुकडा छोट्या पंख्याला चिकटवला आणि दिवे पूर्ण लावले. चकचकीत ड्राइव्ह सुसाट सुटला. पण बारा मिनिटांनी वेगाची रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली: सेकंदाला एक गिगाबाइटच्या जागी चारशे मेगाबाइट. असे ड्राइव्ह आलेला मजकूर आधी एका कोपऱ्यात भराभरा टिपून घेतात आणि मग सावकाश नीट लावतात. कोपरा भरला की घाईही संपते. खोक्यावरचा आकडा त्या कोपऱ्याचा होता. नव्याचे नऊ दिवस, ते इथे मिनिटांत संपले.

दुसरा ड्राइव्ह इतका तापला की त्याने स्वतःच वेग आवरता घेतला. म्हाताऱ्याची रेघ पहिल्यापासूनच फारशी उंच नव्हती, सेकंदाला दीड गिगाबाइटच्या आसपास. तासाभराने मी पाहिलं, तर ती तिथेच होती.

इतक्यात भावोजी आले आणि शेजारच्या खोलीचं दार त्यांच्या सवयीने धाडकन लागलं. आतून दोन बारीक आवाज आले. ताई धावली. झाडावर दोनच शेंगा उरल्या होत्या.

"मला काय माहीत, इथे शेंगासुद्धा झोपवलेल्या असतात," भावोजी हळूच म्हणाले. मग ते संध्याकाळपर्यंत दारं पोटाशी धरून लावत राहिले.

आता चूक करायला जागा नव्हती.

"वापरलेला आहे तो," ताई म्हणाली. "ऐन वेळी मेला तर?"

"किती वापरलाय ते त्याच्यातच लिहिलंय. बारा टक्के झीज. नवा कसा मरेल हे मात्र कुणीच लिहिलेलं नाही."

"हे उत्तर नाही झालं."

नव्हतंच. म्हणून लेखन चालू असताना मी संगणकाची तार भिंतीतून उपटली. भावोजींनी डोळ्यांवर हात घेतला. पुन्हा चालू करून तपासलं: तार निघाल्या क्षणापर्यंत म्हाताऱ्याकडे पोचलेलं सगळं जागेवर होतं. वीज गेली तरी हातातलं काम पुरं करण्याइतकी वीज तो आत साठवून ठेवतो. आणखी चार वेळा उपटली. चारही वेळा तेच. चकचकीत ड्राइव्हची दुसऱ्याच वेळी एक अख्खी फाइल उघडेना.

"म्हातारा लाव," ताई म्हणाली.

सकाळी चौथी शेंग पिवळट झाली. भावोजींना दाराबाहेर उभं केलं होतं. कुणी आलं तर ते ओठांवर बोट ठेवणार होते. टोपण काढलं. दहा मिनिटं. वीस. मी वेगाच्या रेघेवरून नजर काढत नव्हते, ताई शेंगेवरून. तीस. माझा पाय टेबलाखाली आपोआप हलत होता. ताईने न बघता त्यावर स्वतःचा पाय दाबून धरला. एकेचाळिसाव्या मिनिटाला शेंग फुटली.

मी नोंद थांबवली. ताईने माउस माझ्या हातातून घेतला, मग परत दिला. "तूच बघ. मला वाचून दाखव."

मी वाचलं. सुटलेली चित्रं: शून्य. फुटायला लागलेला वेळ: सात चित्रं, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. शेंगेची लांबी एकोणीस मिलिमीटर. पहिली चीर: देठापासून १.४ मिलिमीटर.