पुलावरचा तिसरा लाइट

पंजाबरावांनी सायकलचा लाइट निवडायला घेतला, तेव्हाच वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. हा माणूस पावशेर वांगी घ्यायची तरी अख्खा बाजार पालथा घालणारा. पण या खेपेला नुसती खोड नव्हती, भीती होती. लेक काजल पोलीस भरतीच्या क्लासला देऊळघाटाहून बुलढाण्याला सायकलनं जायची, आणि परतताना दिवस मावळायचा. त्या रस्त्यावर टिप्पर अंगावर येतात. म्हणून नाल्याच्या पुलावरचा जो लाइट घराच्या गच्चीवरून नीट दिसेल तोच घ्यायचा, आणि एकही पसंत पडला नाही तर क्लास बंद, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

सायकलवाल्या गुलजारभाईंनी तीन लाइट पारखायला दिले. एक सेलवर चालणारा, एक चार्जिंगचा, एक चांगला जाडजूड. काजल तिन्ही घेऊन पुलावर गेली आणि पंजाबराव मोबाइल कानाला लावून गच्चीवर उभे राहिले. सोयाबीन निघालं होतं, मधे कसला आडोसा नव्हता.

पहिला लागला. यापेक्षा काजवा बरा, असं पंजाबराव म्हणाले. दुसरा लागला तो थेट डोळ्यांत घुसला. यानं समोरचा ड्रायव्हर आंधळा होऊन आपल्यावरच येईल, म्हणून तोही नापास झाला.

मग जरा वेळानं तिसरा लागला. पिवळा, जराही न हलणारा, समईसारखा शांत. एवढ्या लांबून त्या उजेडात पुलाचा कठडासुद्धा दिसत होता. पंजाबरावांचा जीव भांड्यात पडला.

“हाच पायजे होता मले,” ते म्हणाले. “याले घरी घिऊन ये.”

त्यांचं बोलणं संपायच्या आतच फोन कटला.

थोड्या वेळात तो डोळ्यांत घुसणारा दुसरा लाइट पुलावरून निघाला आणि भरधाव घराकडे येऊ लागला. पिवळा मात्र अजून पुलावरच होता. पंजाबराव जिना उतरून मागच्या दाराशी धावले. काजल धापा टाकत आली, तर गुलजारभाईंचे तिन्ही लाइट तिच्याजवळच होते.

“तिसरा चालूच नाही झाला, बाबा. बटन दाबून दाबून थकली मी.” मग तिनं हळूच विचारलं, “तुमाले बी दिसला का तो?”

दसऱ्यापासून रोज तो उजेड पुलावर उभा असतो, काही करत नाही, मी खाली मान घालून निघून येते, असं तिनं सांगितलं. घरी बोलली असती तर क्लास बंद झाला असता. आपला लाइट जोरदार असला तर तो दिसणार नाही, एवढीच तिची आशा होती. लेक महिनाभर एकटी भीत होती आणि आपण लाइटांना नावं ठेवत होतो, याची पंजाबरावांना लाज वाटली. क्लास बंद होणार नाही, उद्यापासून मी तुला आणायला येतो, असं त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

“तो पुलाच्या अल्याड येत नाही, बाबा,” काजल त्यांनाच धीर देत म्हणाली. “त्याले कोनी बोलावलंच नाही ना.”

पंजाबरावांना फोनवरचे आपलेच शब्द आठवले.

तेवढ्यात पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. घरातून पिवळा उजेड मागच्या दारापर्यंत पसरला, आणि वच्छलाबाई कोणाला तरी नेहमीच्या अगत्यानं म्हणाल्या, “या ना, बाहीर काऊन उभे?”