जुळ्यातली घरची

वच्छलाबाईला एकाच दिवशी दोन लेकरं झाली, पण दोन वेगवेगळ्या गावांत. पोरगी झाली आष्टीला, घरीच, सुईणीच्या हातावर. ती रडली, सुईणीनं नाळ कापली, आणि सगळ्यांना वाटलं, सुटली बाई. तर पोटात आणखी एक होतं आणि ते आडवं पडलेलं. मग बैलगाडी, मग टेम्पो, मग परतूरहून कुणाच्या तरी जीपमधून जालना. त्या धांदलीत पोरगी फडक्यात गुंडाळून द्वारकाबाईच्या, म्हणजे थोरल्या जावेच्या हातात दिली गेली. वच्छलाला तिचं तोंडही धड दिसलं नव्हतं. ओलं, काळंभोर जावळ तेवढं ध्यानात राहिलं.

जालन्याच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या सुमारास पोरगा झाला. दिवस भरले नव्हतेच. अपुऱ्या दिवसांच्या कोकरासारखा लिबलिबीत, अंगावरची कातडी सैल, रडणं म्हणजे नुसतं कुईं. त्याला लगेच उचलून उबेच्या खोलीत नेलं.

उबेची खोली हे नाव बायकांनी पाडलेलं. तिथं काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी होती, तिच्या बुडाशी दिवा जळायचा. बाकीची बाळं पाळण्यात, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवलेली. आयांनी वेळेवर हात धुऊन आत जायचं, उकळलेल्या वाटीत दूध काढून द्यायचं आणि बाहेर यायचं. ते दूध सिस्टर ड्रॉपरनं थेंबथेंब बाळाच्या गालात सोडायची.

ही सिस्टर म्हणजे कौसल्या. पिंपळगाव रेणुकाईची, सडपातळ, भराभर चालणारी. वच्छलाची सासू जयवंताबाई नातवाच्या राखणीला दवाखान्यातच मुक्काम ठोकून होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "तुमी कोन्या समाजाच्या, बाई?"

"बौद्ध," कौसल्यानं बाटलीवरचं फडकं बांधता बांधता सांगितलं. जयवंताबाई दोन पावलं मागं सरली होती. पण नातू तिच्याच हातून दूध पीत होता. आठवडा सरायच्या आत म्हातारी तिच्या पायरवाकडं कान लावून बसायला लागली.

वच्छलाला मात्र चैन नव्हतं. खाटेवर पडलं की उठावंसं वाटे, उठलं की व्हरांड्यात जावंसं वाटे, व्हरांड्यात गेलं की पाय पुन्हा त्या खोलीच्या दाराशी. दारातून पेटीची कड तेवढी दिसायची. आणि तिथं उभी असतानाच मन पार आष्टीला निघून जायचं. कोण पाजत असेल तिला? थंडीचे दिवस. द्वारकाबाईची स्वतःची चार पोरं, शिवाय कापसाची वेचणी चालू.

"बस की गं एका जागी," जयवंताबाई खेकसायची. "किती येरझाऱ्या घालशील? टाके उसवतील."

"आत्याबाई, तिला इकडं आनता येईल का?"

"कशाला? धडधाकट हाय ती. हे नाजूक लेकरू बघ आधी. पोरगी कुटं जाती?"

पोरग्याचं बघायचं म्हणजे दूध. आणि दूधच आटत चाललं होतं. ओढणारं तोंड नाही, नुसतं हातानं पिळायचं. आधी वाटी अर्धी व्हायची, मग बूड झाकण्यापुरती, मग तेवढीही नाही. ती जितकी पिळायची तितकी छाती दुखायची आणि वाटी कोरडी. कौसल्या म्हणायची, "जिवाला घोर लावून घेतला की दूध उतरत नाही, बाई. शांत बसा जरा." आता शांत कसं बसायचं ते कुणी सांगेना.

नवरा धुळाजी मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला होता. मधूनच कळप भावावर सोपवून तो घरी जाई आणि तिथून जालन्याला येई. आला की फडक्यातल्या भाकरी आईपुढं ठेवायचा, काचेतून पोरग्याला बघायचा आणि चपलेनं फरशी घासत राहायचा.

"पोरगी कशी हाय?" वच्छलानं विचारलं.

मागच्या खेपेला तो म्हणाला होता, रात्रभर रडती, घर डोक्यावर घेती. ह्या खेपेला त्याचं तोंड उजळलेलं होतं.

"लई शाणी झाली आता. बिलकुल रडत न्हाई. झोळीत टाकली की गप. वहिनी म्हनती, असं गरीब लेकरू पाह्यलं न्हाई."

"दूध पिती?"

"शेळीचं देऊन राह्यली ना वहिनी. कापसाच्या वातीनं. घेती दोन वाती, मंग झोपती."

जयवंताबाई म्हणाली, "बघ. उगंच जिवाला खात होतीस." धुळाजी दुपारच्या गाडीनं निघून गेला.

वच्छला दूध काढायला आत गेली. शेजारच्या पाळण्यातलं बाळ टाहो फोडत होतं आणि त्याची आई घाबरीघुबरी झाली होती. कौसल्या तिला हसून म्हणाली, "रडू द्या हो. रडणाऱ्या लेकराची मला काळजी नसते. जे गप पडतं, त्याच्याकडं मी पळते."

वच्छलाच्या हातातली वाटी तिरपी झाली. होतं नव्हतं तेवढं दूध लुगड्यावर सांडलं.

"काय झालं?"

"सिस्टरबाई," ती म्हणाली, "माझी पोरगी बी रडत न्हाई म्हनत्यात."

"कुठली पोरगी?"

"ह्याच्या संगतीची. जुळी हायेत. ती घरी झाली, आष्टीला."

कौसल्या तिच्याकडं बघतच राहिली. "मला का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलंच न्हाई. मला वाटलं, ती धड हाय."

"आधी रडत होती? आणि आता एकदम थांबली?" कौसल्यानं दूध कसलं, शी कशी, अंग गरम की गार, सगळं विचारलं. वच्छलाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या लेकराबद्दल तिला काहीच सांगता येत नव्हतं, ह्याचीच तिला भयंकर लाज वाटली.

"तिला आणायला पाहिजे. आजच. तुमचे मालक?"

"गेले. आता मेंढरांकडंच जातील ते. मीच जाते."

"तुम्ही कशा जाल? अंगात ताकद नाही, टाके ओले आहेत. डॉक्टरबाई ऑपरेशनला उभ्या आहेत, त्या बाहेर आल्या की विचारते."

"आन तवर?"

कौसल्यानं पेटीतल्या पोरग्याच्या पायाला हात लावून बघितलं, बाटली सरकवली. मग पाठमोरीच म्हणाली, "ह्याचं मी बघते. आज दुसऱ्या आयांकडून थोडं दूध मागून घेते. पण एक ऐका. पोरगी गार लागली तर नुसती गुंडाळू नका. चोळीच्या आत घ्या, कातडीला कातडी लावून, वरून घोंगडी. आणि वाटेत काही झालं तरी अंगापासून सोडू नका."

तिनं कपाटातून कापसाची गुंडाळी काढून वच्छलाच्या हातात दिली. जा, असं काही ती म्हणाली नाही.

जयवंताबाई नळावर धुणं धूत होती. तिला सांगायला गेलं तर ती आडवी पडली असती. वच्छला मागच्या दारानं बाहेर पडली, मोंढ्याजवळ पोचली. आष्टीकडचा एक ट्रक जिनिंगला कापूस उतरवून रिकामा परतत होता. ड्रायव्हर ओळखीचा नव्हता, पण तिचा अवतार बघून त्यानं काही विचारलं नाही, केबिनचं दार उघडलं.

सगळ्या वाटेनं तिचा जीव दोन्हीकडून ताणला जात होता. आता पोरग्याला पाजायची वेळ. दुसऱ्या बाईचं दूध त्याला मानवेल का? तो आता जाईल आणि मी इकडं ट्रकात. आणि पोहोचले तर तिकडं ती? खड्ड्यात चाक आदळलं की कळ डोक्यापर्यंत जायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, पोटरीत आलेली, आणि ती संपता संपेना. "जल्दी चला ना, भाऊ," ती सारखी म्हणे. ड्रायव्हर म्हणे, "ट्रक हाय बाई, घोडा न्हाई."

घराला कडी होती. तिनं ती काढली. आत झोळी लटकत होती आणि झोळीजवळ आंधळा चुलतसासरा दोरी हलवत बसला होता.

"कोन?"

"मी वच्छला."

तिनं झोळी उघडली. जावळ तेवढं तेच होतं. खाली तोंड म्हाताऱ्या बाईचं, टाळू खोल गेलेली, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. दुपटं पातळ शीनं भिजलेलं. हाताला ती गार लागली. वच्छलानं तिला उचललं तर मान मागं पडली. पण पोट हलत होतं, वरखाली, वरखाली.

तेवढ्यात द्वारकाबाई दारात आली. कापसानं भरलेली ओटी, बोटं बोंडांनी फाटलेली. वच्छलाला बघून ती हरखली. "अगं, तू कवा आलीस?"

"माझी लेक मारलीस तू," वच्छला म्हणाली.

द्वारकाबाईची ओटी सुटली, कापूस उंबऱ्यावर पसरला. "मी? अगं, मी रोज सकाळ-संध्याकाळ..." पुढचं वच्छलानं ऐकलं नाही. चोळी सोडून तिनं पोरगी छातीशी घेतली, वरून घोंगडी आवळली आणि तोच कापूस तुडवत बाहेर पडली. ट्रक जिनिंगसाठी पुन्हा भरत होता. तो निघेपर्यंत ती केबिनमध्ये बसून पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. वाटेत कुठंतरी तिला जाणवलं, आपल्या कातडीला लागलेला तो गारवा कमी होतोय. की आपणच गार पडलोय? तिला नक्की कळेना.

दवाखान्यात पोचली तेव्हा व्हरांड्यात जयवंताबाई छाती पिटत होती आणि डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. "पोरगा मरायला टाकून गेलीस!" म्हातारी अंगावर धावली. डॉक्टरबाईही रागावल्या होत्या. न सांगता गेली म्हणून तिच्यावर, आणि जाऊ दिलं म्हणून कौसल्यावर. वच्छलानं घोंगडी बाजूला केली. डॉक्टरबाईंनी तिथंच पोरीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची चुणी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी पार आटलं होतं.

पोरगा होता तसाच होता. पण पोरगीला जुलाब, म्हणून तिला उबेच्या खोलीत घेता येईना; बाकीच्या बाळांना लागण व्हायची. वॉर्डाच्या कोपऱ्यात खाट लावली, सलाईन झालं, मग मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी ड्रॉपरनं. ऊब कशी द्यायची? वच्छलाला पोरग्याकडंही जायचं होतं आणि जाताना हात-अंग धुवायचं होतं.

कौसल्या जयवंताबाईपुढं उभी राहिली. "आजी, चोळी सोडा."

"काय?"

"नातीला अंगाशी घ्या. पेटी एकच आहे. दुसरी तुम्ही."

म्हातारीनं सगळ्यांकडं बघितलं. नातवासाठी ती मसणात बसली असती. पण ही पोरगी तिनं अजून नीट बघितलीही नव्हती. कुरकुरत तिनं चोळी सोडली. "माझी हाडं टोचतील तिला," म्हणाली. पोरगी छातीवर पालथी ठेवली तशी म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. खूप वेळानं पुटपुटली, "अगं बया, काळीज किती फडफडून राह्यलं हिचं."

पुढचे दिवस वच्छला आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिली. इकडून तिकडं जाताना प्रत्येक वेळी तिला वाटे, मागं ठेवलेलं आता जाणार. पोरगी छाती तोंडात धरेना; तिला वातीची सवय. तोंड लावलं की जीभ बाहेर ढकलायची आणि थकून झोपायची. वच्छला रडकुंडीला यायची. कौसल्या बोटावर दूध घेऊन पोरीच्या ओठावर लावायची, पुन्हा लावायची. एक दिवस, सकाळचं ऊन खिडकीतून खाटेवर आलेलं, पोरगीनं तोंड वाकडं केलं आणि वॉर्ड दणाणेल असं बोंबलली. जयवंताबाई दचकून उठली. कौसल्या हातातला ट्रे ठेवून धावली, ह्या खेपेला हसत. त्या उघड्या तोंडात वच्छलानं स्तन दिला आणि पोरगीनं पकडला. ओढला. पायाच्या अंगठ्यापर्यंत काहीतरी ओढलं गेल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या बाजूनं दूध आपोआप गळायला लागलं.

"वाटी!" कौसल्या ओरडली. "आजी, वाटी धरा, वाटी! भावाचं वाया चाललं!"

जयवंताबाईनं उकळलेली वाटी खाली धरली. बूड झाकलं, अर्धी झाली.

होळीच्या आधी सगळी घरी निघाली. पोरग्याच्या गालाला मांस आलं होतं, पण तो अजून कापसातच होता. डॉक्टरबाईंनी दहा सूचना दिल्या आणि उन्हाळाभर सांभाळा म्हणाल्या. पोरगी भावापेक्षा आता थोडी मागं पडली होती, पण आवाज तिचा मोठा. कौसल्या कामात होती. तिनं दारातूनच हात केला, वच्छलाला काही बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

आष्टीला गाडी थांबली तर द्वारकाबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभी. पुढं आली नाही. भाकरतुकडा ओवाळायचं ताट तिनं हातात घेतलं होतं, तेही तिच्या लक्षात नव्हतं.

"ओवाळ की गं," जयवंताबाई म्हणाली.

तिनं ओवाळलं. "वच्छले, मला खरंच वाटलं ती शाणी झाली," ती हळूच म्हणाली.

वच्छलाला माहीत होतं. धुळाजीलाही तसंच वाटलं होतं. त्या दुपारी कौसल्याचं बोलणं कानावर पडलं नसतं तर तिलाही तेच वाटलं असतं. त्या दिवशी बोललेलं परत घ्यावं असं तिच्या मनात कितीदा आलं होतं. आता जाऊ समोर होती.

तिनं पोरगा पुढं केला. "ह्याला तू पाह्यलंच न्हाईस अजून. घे."

द्वारकाबाईनं घाईघाईनं पदराला हात पुसले आणि त्याला घेतलं. मग दुसरा हात पोरगीकडं केला.

वच्छलाची मिठी आपोआप घट्ट झाली. "हिला राहू दे, जाऊबाई," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस राहू दे माझ्यापाशीच."

द्वारकाबाईनं मान हलवली आणि पोरग्याला घेऊन चुलीजवळ, उबेला जाऊन बसली.