देवमन सरांची यादी

"नाव इचारून काई फायदा नाई सिस्टर, थे बोलत नाईत," सरांच्या पत्नी भागीरथाबाई म्हणाल्या. "सोताच्या पोरालेबी वळखत नाईत."

ज्योत्स्नाने पेशंटच्या तपासणी-तक्त्यावर लिहिलं, 'समज : नाही.' अर्धांगाच्या झटक्याने वाचा आणि उजवा हात गमावून खिडकीकडे बघत बसलेले हे देवमन सर. अकोल्यात घरोघर पेशंट बघत फिरणाऱ्या ज्योत्स्नाला हिवरखेडच्या कॉलेजात गणित त्यांनीच शिकवलं होतं.

कोणता आकडा घातला की बहुपदीची किंमत शून्य होते, ते शोधायचं. पोरं अंदाजाने ठोकून द्यायची. सर म्हणत, "आंधी यादी लिव्हा." शेवटच्या आकड्याचे विभाजक घ्या, त्यांना पहिल्या सहगुणकाच्या विभाजकांनी भागा, अधिक-उणे दोन्ही लिहा. परिमेय उत्तर असलंच, तर ते याच यादीत असणार. मग एकेक तपासा, चुकेल त्यावर रेघ मारा.

ज्योत्स्ना उणे हमखास विसरायची. सर पाचातला अर्धा गुण कापत आणि न कंटाळता पुन्हा समजावत. पुढे नर्सिंगला याच सवयीने तिला तारलं. ताप का आला, त्याची सगळी कारणं आधी लिहायची, मग एकेक खोडायचं. एवढे उपकार, आणि ती एकदाही सरांना ते सांगायला आली नव्हती.

"सर, मी ज्योत्स्ना. तुमच्यामुयंच उभी हाये मी आज."

सरांची नजर खिडकीवरच.

तिने तक्ता उलटा केला आणि सरांच्या समोर धरून लिहिलं : २x³ + x² − १३x + ६. खाली यादी : १, २, ३, ६, १/२, ३/२. तपासू लागली. दोन जमला. अर्धा जमला. बाकीच्यांवर रेघा पडल्या.

"काय करून राहिली वं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"सरायचं गणित, काकू. तिसरं उत्तर सापडूनच नाई राहिलं."

सरांचा डावा हात उचलला गेला. पेन मागत होता. तिने दिलं. थरथरत, सावकाश, त्यांनी सहाही आकड्यांच्या आधी अधिक-उणेची खूण काढली. बाजूला लिहिलं, −३. आणि कोपऱ्यात, ४½.

भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. "समजते यायले," त्या पुटपुटल्या.

"अर्धा कापलाच का, सर?"

सरांनी मान हलवली, हो म्हणून. ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

मग तक्ता सरळ केला आणि 'नाही' या शब्दावर एक रेघ मारली.