अडतीस वाक्यं

“आधी पत्ता, मग नाव, मग किल्ली. घाई केलीस तर दार ओळख दाखवणार नाही.”

ह्यांचं हे सांगणं सकाळपासून माझ्या कानात होतं. त्यातली किल्ली कोणती, तेवढंच आठवत नव्हतं.

हे दवाखान्यात होते. आज दुपारी एक वाजता ह्यांचं स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर हे बरे होतील, पण बोलणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. म्हणून महिनाभर ह्यांनी मागच्या खोलीतल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तीनशे वाक्यं बोलून ठेवली होती. त्यांवरून ह्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार होणार होतं. ते करणारा प्रोग्रॅम मात्र फक्त विंडोजवर चालतो. ऑपरेशन आधी पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, म्हणून फाइली हलवायचं काम हे स्वतः निवांत करणार होते. परवा फोन आला की मधली एक तारीख रिकामी झाली आहे, उद्याच भरती व्हा.

दवाखान्यातल्या आवाजाच्या बाई म्हणाल्या होत्या, “अकरापर्यंत सगळी वाक्यं प्रोग्रॅममध्ये तपासून कळवा. एखादं बिघडलेलं निघालं तर साडेबाराच्या आत त्यांच्याकडून परत म्हणवून घेता येईल. एकनंतर माझ्या हातात काही नाही.”

आठ वाजता नणंद आपला ऑफिसचा विंडोजवाला लॅपटॉप घेऊन आली. लहानपणापासून तिला घरात टिटवी म्हणतात, आणि ती ते नाव सार्थ करते.

“वहिनी, पेनड्राइव्ह चालणार नाही हं. ऑफिसनं ती खाच बंदच करून टाकलीय. नेटवर टाकून उतरवायचं तर संध्याकाळ होईल. म्हणजे इथल्या इथे, वायफायवरूनच न्यायला हवं. कॉम्प्युटरचं नाव काय?”

मी वर्तमानपत्राच्या कडेला नाव लिहून दिलं.

“हे काय? अगं, तुझं मौन आजही?”

सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. मी मान हलवली.

“धन्य आहे! तिकडे दादाचा आवाज चाललाय आणि इकडे तू तुझा जपून ठेवतेयस.”

बोलून गेल्यावर तिचे डोळे भरले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लिहिलं, “काम कर.”

लॅपटॉपवर नेटवर्कची यादी उघडली. यादीत प्रिंटर होता, टीव्ही होता, आणखी कसलंतरी एक खोकं होतं. ह्यांचा कॉम्प्युटर नव्हता. मी मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. तो चालू होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. ह्यांच्या वहीतून त्याचा पत्ता, म्हणजे चार आकडे आणि मधली टिंबं, उतरवून आणला. टिटवीनं दोन तिरक्या रेघा मारून तो टाइप केला. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग उत्तर आलं, सापडत नाही.

“मागच्या खोलीत आहे मेला आणि म्हणे सापडत नाही!”

तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. त्यात पंधरा मिनिटं गेली. तिकडचा फायरवॉल, म्हणजे पहारेकरी, अडवत असेल म्हणून मी वहीतली त्याची ओळ शोधली. तो रस्ता ह्यांनी आधीच मोकळा केला होता. घड्याळात नऊला पाच कमी होते. टिटवी नखं खात होती. मी तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर बोट ठेवलं, आणि नावाखालचा शब्द तिनं मोठ्यानं वाचला, ‘पाहुणे’.

घरात दोन वायफाय आहेत. एक आमचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या वायफायवरून बाहेरचं जग दिसतं, घरातलं काही दिसत नाही. तिच्या लॅपटॉपमधून काय काय किडे येतात म्हणून ह्यांनीच तिला तिकडे बसवलं होतं.

“म्हणजे सहा वर्षं मी माहेरी पाहुणी? बरा होऊन येऊ दे त्याला, मग बघते!”

नऊ वाजले. मी म्हणाले, “आमचं घे. पासवर्ड सांगते.”

“आलीस बाई जमिनीवर!”

आता पत्ता टाकताच लिनक्सनं नाव आणि पासवर्ड विचारला. दार तरी दिसलं. रोज कॉम्प्युटर उघडताना घालते तो पासवर्ड मी सांगितला. चूक. पुन्हा घातला. चूक. टिटवी म्हणाली, “कुठलं अक्षर मोठं आहे का?” नव्हतं. तिसऱ्यांदाही चूक.

“दादालाच विचारू.”

“फोन सिस्टरांच्या कपाटात आहे. अकरापर्यंत तपासण्या आहेत.”

मी डोळे मिटले. ह्यांनी मला शिकवलं तेव्हा मी भाजी निवडत होते, अर्ध्या कानानं ऐकत होते. कॉम्प्युटर उघडायची किल्ली वेगळी आणि फाइली वाटायची वेगळी, दोन्हींची खाती वेगळी, असं काहीसं. मग वाटपाची जुनी किल्ली आठवत बसायची गरजच नव्हती. नवी करता येत होती. मागच्या खोलीत जाऊन, वहीत बघून, मी वाटपाच्या खात्याला नवा पासवर्ड दिला. काळ्या पडद्यावर टाइप करताना अक्षरं उमटत नाहीत, त्यामुळे दोनदा चुकले. बाहेरून टिटवी ओरडत होती, “झालं का गं? झालं का?”

पावणेदहाला फोल्डर उघडला. तीनशे फाइली, ओळीनं. टिटवीनं टाळी वाजवली. मी वाजवली नाही. कॉपी चालू झाली आणि दोनशे बासष्टवर अडली.

परवानगी नाही.

पुढचीही तशीच, आणि त्यापुढचीही. शेवटच्या अडतीसच्या अडतीस तशाच.

“ह्या काय सोन्याच्या आहेत?” टिटवी म्हणाली.

सोन्याच्याच होत्या. बाकीची वाक्यं प्रोग्रॅमनं दिलेली, आज गुरुवार आहे, पाणी गरम आहे, अशी. शेवटची ह्यांनी स्वतः निवडलेली. ती यंत्र बनवणार नव्हतं, जशीच्या तशी वाजवणार होतं. यादी वहीत होती. ‘अगं, इकडे ये जरा.’ ‘टिटवे, गप्प बस.’ ‘मी आहे ना.’

त्या फाइली ह्यांनी आधी आपल्या खासगी फोल्डरात ठेवून मग इकडे हलवल्या होत्या. हलवलेली फाइल जुनी कडी बरोबर घेऊन येते, तिला फक्त मालक उघडू शकतो. वहीत ‘कडी काढणे’ असं पान होतं. अक्षर न् अक्षर जुळवून मी ती ओळ टाइप केली. एक जागा जास्त पडली तर भलतंच काही पुसलं जाईल ही भीती होती. तीनदा वाचली, मग एंटर दाबलं.

साडेदहाला तीनशेच्या तीनशे पलीकडे गेल्या. टिटवीनं प्रोग्रॅमला तपासायला लावलं. हिरव्या खुणा भराभर खाली सरकत गेल्या. दोनशे बासष्टनंतर लाल झाल्या.

“आता काय? कॉपी बिघडली?”

मी म्हणाले, “वाजव एक.”

तिनं वाजवली. काहीच ऐकू आलं नाही. आवाज पूर्ण वाढवला. मग खसखस, आणि त्यातून ह्यांची कुजबूज. “अगं, इकडे ये जरा.” चोरासारखी, श्वासातल्या श्वासात.

दुसरीही कुजबुजलेली. तिसरीही. एकीत पलीकडच्या खोलीत मी पाट सरकवल्याचा आवाज आला, आणि हे मध्येच थांबले.

मला कळलं. ह्यांचा घसा दुपारनंतर बसायचा, म्हणून शेवटची वाक्यं सकाळी लवकर घेतलेली. तेव्हा पलीकडे माझं मौन चाललेलं असायचं. मी ह्यांना कधी हळू बोला म्हटलं नव्हतं. मोठ्यानं बोला, असंही कधी म्हटलं नव्हतं.

टिटवी एकदम बारीक आवाजात म्हणाली, “वहिनी, तुझ्यासाठी गं.”

“माझ्यामुळे,” मी म्हणाले, आणि बाईंना फोन लावला.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, “कुजबुजीत आवाजच नसतो, ती चालणार नाही. यादीचा फोटो पाठवा. पण खरं सांगू? सकाळपासून त्यांनी तोंड उघडलेलं नाही. आणखी काही म्हणून ठेवायचंय का, मी दोनदा विचारलं, पाटीवर ‘नको’ लिहून दिलं. घाबरलेत. आणि असली वाक्यं माझ्याकडे बघून कोण म्हणेल?”

“मी येते. बाराच्या आत. त्यांच्याकडून म्हणवून घेते.”

“मोठ्यानं म्हणावं लागेल. घसा दुखेल. त्यांना सांगणार कोण?”

“मी सांगेन. शब्द देते तुम्हाला.”

फोन ठेवला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बस चौकातून वीसला सुटते. टिटवीला मी म्हटलं, बाकीची दोनशे बासष्ट तू प्रोग्रॅमला यंत्र बनवायला दे, इथेच थांब. तिनं एरवी दहा प्रश्न विचारले असते. आज तिनं वहीचं पान अलगद फाडून माझ्या हातात दिलं.

पान चार घड्या करून मी पर्समध्ये ठेवलं. चपला घातल्या. जिना उतरताना पहिलं वाक्य, ‘अगं, इकडे ये जरा,’ मोठ्यानं म्हणून पाहिलं, ह्यांना म्हणून दाखवावं लागलं तर. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कठड्यावरून वाकून विचारलं, कोणाला हाक मारताय? मी मान वर करून हसले आणि चौकाकडे चालू लागले.